लोकशाहीर अमर शेख

दांडिया बाजारातून सुरसागराकडे चालत गेले की थोड्याच अंतरावर संगीत महाविद्यालयाची वास्तू दृष्टीस पडते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि उस्ताद मौलाबक्षांच्या परिश्रमाने १८८६ साली येथे जी गायनशाळा सुरू झाली, तिचीच परंपरा ही संस्था चालवीत आहे. राजाश्रयाने कलेचे किती कल्याण होते, हे आपणा वडोदेकरांना निराळे सांगावयास नको. परंतु ज्याला राजाचा आश्रय नव्हता, धनिकाचा नव्हता, रंगमहालाचे छप्परही नव्हते, असा एक गायक महाराष्ट्रात होऊन गेला. चौकातला समाज हाच त्याचा दरबार होता. त्याचे नाव शाहीर अमर शेख.

अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या गावी २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात दारिद्र्य होते. पण आई मुनेरबी हिच्या कंठात लोकगीतांचे धन होते. तोच वारसा मुलाला मिळाला. ज्या गाण्याने पुढे सारा महाराष्ट्र हालविला, त्याची पहिली शाळा आईच्या सहवासात भरली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पोटासाठी मेहबूबने मोटारगाडीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली. तरुण वयातच त्यांनी राष्ट्रीय चळवळीत उडी घेतली. पुढे गिरणीच्या संपात पुढाकार घेतल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला. विसापूरच्या तुरुंगात कामगार कार्यकर्त्यांशी त्यांचा परिचय झाला आणि श्रमिकांच्या राज्याचे स्वप्न त्यांच्या मनात रुजले. सुटकेनंतर ते कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या चित्रपटसंस्थेत राहिले. तेथील मित्रांनी त्यांना अमर शेख हे नाव दिले. मित्रांनी ठेवलेले हे नाव त्यांनी जन्मभर मिरविले.

चित्रसृष्टीत राहून सुखाचा घास मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांचा ओढा उघड्या मैदानाकडे होता. मुंबईत त्यांना दोन जिवलग सहकारी लाभले. एक वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि दुसरे द. ना. गवाणकर. १९४४ साली या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंची लेखणी, गवाणकरांची साथ आणि अमर शेखांचा पहाडी आवाज असा हा त्रिवेणी संगम होता. डफ, ढोलकी आणि तुणतुणे एवढाच काय तो सरंजाम. गिरणगावातील चाळींची पटांगणे, शेतकऱ्यांच्या परिषदा आणि कामगारांच्या सभा ही त्यांची रंगभूमी. जुन्या तमाशाच्या साच्यात त्यांनी दुष्काळ, सावकारी आणि बेकारी यांचे प्रश्न आणून बसविले. सरकारला हे रुचले नाही. त्यांच्या तमाशांवर बंदी आली. तरीही गाणे थांबले नाही. नवे नाव आणि नवे रूप घेऊन ते लोकनाट्यातून पुन्हा उभे राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अमर शेखांच्या वाणीला विशेष तेज चढले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांच्या तोंडून ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावत. वरवर पाहता ती मुंबईस पोट भरावयास आलेल्या एका गड्याची विरहकथा आहे. पण तिच्यात बेळगाव, कारवार, निपाणीच्या ताटातुटीचे दुःख गुंफलेले आहे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच दिवशी गुजरात राज्यही जन्मास आले आणि आपले वडोदरे गुजरातेत राहिले. ज्या स्वप्नासाठी शाहीर गायला, त्या स्वप्नाच्या सीमेबाहेर आपली घरे राहिली. मग त्याचे गाणे आपले नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. माझी मातृभाषा कोकणी. गोवामुक्तीच्या लढ्यासाठीही अमर शेखांनी आपली वाणी झिजविली होती. ज्याचा जन्म बार्शीचा, ज्याचा धर्म इस्लाम, त्याने शिवरायांचा पोवाडा गावा आणि गोमंतकाच्या मुक्तीसाठी डफावर थाप मारावी, यातच त्याच्या मनाची विशालता दिसते. चीनने आक्रमण केले तेव्हाही राष्ट्ररक्षणासाठी तो गायला. अशा माणसाला नकाशावरील रेघेने बांधता येत नाही. आपापल्या राज्यात गुण्यागोविंदाने नांदावे, शेजाऱ्याच्या भाषेचा मान राखावा आणि आपली मायबोली घरात जागती ठेवावी, हेच आपले कर्तव्य होय.

अमर शेख हे केवळ गायक नव्हते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध आहेत. ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांनी लिहिले. १९६१ सालच्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख यांनी पुढे मराठी कवितेत स्वतंत्र स्थान मिळविले. मात्र एवढी कीर्ती मिळूनही शाहिराच्या घरी लक्ष्मी नांदली नाही. स्वतंत्र राहण्याची किंमत त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने मोजली, हेही आपण विसरता कामा नये.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ निवर्तले. पुरते दीड महिनेही लोटले नाहीत तोच, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेखांचे निधन झाले. ज्यांनी एका डफावर मिळून गाणी गायिली, ते दोन मित्र एकाच पावसाळ्यात गेले. आज मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे आणि ध्वनिमुद्रणांतून त्यांचा आवाज अजूनही कानी पडतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांचा गळा गोड आहे. गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात तुम्ही गाता आणि बक्षिसे मिळविता. बक्षीस अवश्य मिळवा. पण घरी आजी जात्यावरची एखादी ओवी गुणगुणत असेल, तर तिच्यापाशी बसून ती शिकून घ्या आणि चार मित्र जमवून ती म्हणा. मुनेरबीच्या मुलाने आरंभी याहून वेगळे काहीच केले नव्हते.