औंधचे राजे आणि त्यांचा नित्य व्यायाम

थंडी पडू लागली की सायखेड्यास गोदाकाठी पहाटे धावणारी आणि जोर काढणारी मुले दिसू लागतात. निफाड तालुक्यातील थंडी किती कडक असते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. पहिल्या आठवड्यात दहा जण, दुसऱ्यात पाच आणि संक्रांतीपर्यंत एखादाच, असा क्रम आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत. मुलांस दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा? आम्हीही तरुणपणी तालमीचा नेम धरला होता आणि पहिल्याच पावसाळ्यात तो सोडला. अंगात बळ नव्हते असे नव्हे. मनास रोज एक नवी सबब सापडे. म्हणूनच ज्यांस सबबी सांगण्याची सोय सर्वांत अधिक होती, अशा एका गृहस्थांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. सातारा जिल्ह्यातील औंध हे त्यांचे छोटेसे संस्थान. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले व ते पदवीधर झाले. राजवाड्यातील मुलास पक्वान्नांची, नोकरचाकरांची आणि मऊ बिछान्याची काय वाण! पहाटे न उठल्याबद्दल जाब विचारणारा कोणी असेल, तर तो स्वतःच.

त्या काळी युजेन सँडो या युरोपीय मल्लाचे नाव जगभर गाजत होते. बाळासाहेबांनी तिशीच्या उंबरठ्यावर, १८९७ च्या सुमारास, सँडोची पुस्तके व साधने मागविली आणि त्याच्या पद्धतीने व्यायाम आरंभिला. असा उत्साह पुष्कळांस येतो. परंतु बाळासाहेबांनी तो व्यायाम सुमारे दहा वर्षे चालविला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे १९०८ मध्ये मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार त्यांच्या घरात नवे नव्हते; त्यांचे वडीलही ते घालीत. कंटाळा आला म्हणून एक व्यायाम टाकून दुसरा धरणारे आम्ही पाहिले आहेत. बाळासाहेबांचा बदल त्या जातीचा नव्हता. नमस्कारास साधन लागत नाही, जोडीदार लागत नाही, आणि माणूस उभा राहील व आडवा होईल एवढी जागा पुरते. म्हणजे मनाने पळ काढावा अशा वाटाच मुळी थोड्या उरतात. आमच्या मते त्यांच्या मनोबलाचे मर्म येथे आहे. मनाशी रोज झुंज घेण्यापेक्षा त्यांनी झुंजीचे प्रसंगच कमी केले.

त्यांनी एका नमस्काराच्या दहा अवस्था ठरविल्या होत्या. प्रत्येकीत श्वास कसा घ्यावा व कसा सोडावा, हेही ठरलेले असे. नमस्कारांबरोबर ते मंत्रोच्चार करीत आणि त्याचाही शरीरास लाभ होतो असे मानीत. मंत्राविषयी ज्याची त्याची श्रद्धा. परंतु जिव्हा, श्वास आणि अवयव एकाच कामी गुंतले असता मनास भटकण्यास वेळ मिळत नाही, एवढे कोणासही पटेल. नमस्कारांनी अनेक रोग हटतात असेही ते लिहीत. त्यांचे सर्वच दावे आजचे वैद्य मान्य करणार नाहीत, हे येथे सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

१९०९ मध्ये ते गादीवर आले, आणि राज्यकारभाराचा व्याप हीच एक उत्तम सबब हाती आली! तिचा त्यांनी उपयोग केला नाही. उलट राणीसाहेब व मुले यांनाही नमस्कारांची गोडी लावली, संस्थानातील शाळांतून नमस्कार सुरू केले आणि १९२८ मध्ये त्यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. १९३६ मध्ये ते इंग्लंडास गेले, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. त्यांची व राणीसाहेबांची प्रकृती पाहून लुईस मॉर्गन या लेखिकेस इतके कुतूहल वाटले की, तिच्या साहाय्याने १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचे नमस्कारांवरील पुस्तक निघाले.

ते चित्रकार होते, कीर्तनकारही होते. किर्लोस्करांच्या कारखान्यास त्यांनी जागा दिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेस लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९३९ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, भिंतीवाचून कैदी ठेवण्याचा प्रयोग त्यांच्या संस्थानाने सुरू केला. कैद्याने पळून न जाणे हे तेथे पहाऱ्यावर नव्हे, तर त्याच्या मनावर सोपविलेले होते. स्वतःस चाळीस वर्षे बिनपहाऱ्याचे वागविणाऱ्या राजास ही कल्पना मानवली, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, बाळासाहेब निवर्तले. औंधास यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेले चित्रसंग्रहालय आहे. सातारा जिल्ह्यात कोणाचे जाणे झाले, तर ते अवश्य पाहावे. डोंगर मात्र पायी चढावा.