लांबलेला निरोप

रहस्यकथा म्हटली की आपल्यातील अभ्यासू मंडळी नाक मुरडतात. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार क्रमिक पुस्तकाच्या आड दडवून वाचलेला असला, तरी तसे चारचौघांत सांगायचे नसते! मला मात्र एक परदेशी रहस्यकथाकार गेले काही महिने स्वस्थ बसू देत नाही. रेमंड चँडलर हे त्याचे नाव. त्याची 'द लाँग गुडबाय' ही १९५३ सालची कादंबरी वाचून मिटली की खुनी कोण हा प्रश्न मागे पडतो आणि हरवलेल्या माणसाची हुरहूर तेवढी मनात राहते. ही हुरहूर त्याने कोठून आणली असेल? मला वाटते, स्वतःच्या घरातूनच.

चँडलर १८८८ साली शिकागोला जन्मला. बाप रेल्वेकडे इंजिनियर, पण दारूच्या आहारी गेलेला. तो घर सोडून गेला. आईने मुलाला इंग्लंडला नेले. डलिचच्या शाळेत तो ग्रीक-लॅटिन शिकला, नौदल खात्यातली नोकरी लवकरच सोडून बसला, थोड्याफार कविता लिहिल्या. १९१२ साली तो अमेरिकेला परतला. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून तो फ्रान्समधल्या खंदकांत लढला आणि पुढे त्याविषयी फारसे बोलला नाही.

युद्धानंतर लॉस एंजेलिसमध्ये त्याचे सिसी पास्कलवर प्रेम जडले. ती एका पियानोवादकाची पत्नी. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसलेली. १९२० मध्ये तिचा घटस्फोट झाला, पण चँडलरच्या आईला हे लग्न पसंत नव्हते. मग हा गृहस्थ चार वर्षे थांबला! आईचा आणि प्रेयसीचा असे दोन संसार त्याने सांभाळले. १९२३ मध्ये आई वारली आणि १९२४ च्या फेब्रुवारीत त्याने लग्न केले. लग्नाच्या कागदावर सिसीने आपले वय त्रेचाळीस लिहिले. ती त्रेपन्न वर्षांची होती, तो पस्तिशीचा. पुढे ज्याने जन्मभर दुसऱ्यांची गुपिते उकलणारा गुप्तहेर रंगविला, त्याचा संसारच अशा एका गुपिताने सुरू झाला.

तेलाच्या कंपनीत तो हिशेबनिसापासून उपाध्यक्षपदापर्यंत चढला. दारू आणि गैरहजेरी यांपायी १९३२ साली नोकरी गेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी बेकार! तेव्हा त्याने स्वस्त मासिकांतल्या गुन्हेगारी कथा अभ्यासासारख्या वाचल्या, आणि १९३३ साली 'ब्लॅक मास्क' मासिकात त्याची पहिली कथा आली. १९३९ मध्ये 'द बिग स्लीप' निघाली आणि फिलिप मार्लो हा एकटा, गरीब, हट्टी गुप्तहेर घरोघर पोहोचला. हॉलिवुडचा पैसा आणि तिथली भांडणे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते मी सोडून देतो.

'द लाँग गुडबाय' लिहिताना सिसी फुप्फुसाच्या विकाराने खंगत चालली होती. समुद्रकाठच्या ला होया गावातल्या त्या घरात तो लिहीत होता आणि तिची शुश्रूषाही करीत होता. पहिला खर्डा वाचून त्याच्या साहित्य-प्रतिनिधींना मार्लो हळवा झाला आहे असे वाटले. चँडलर दुखावला, त्याने हस्तलिखित परत घेतले, पुन्हा लिहिले. पण हळवेपणा काही काढला नाही. बरे झाले! युद्धात चेहरा विद्रूप झालेला टेरी लेनॉक्स, त्याच्याशी जडलेल्या मैत्रीपायी पोलिसांपुढे तोंड न उघडता तुरुंगात जाणारा मार्लो, युद्धात गमावलेल्या प्रियकराची आठवण जपणारी आयलीन आणि तिचा दारूत बुडालेला लेखक-नवरा... यांतला प्रत्येक जण काहीतरी लपवितो आहे, आणि जे लपविले आहे ते बहुधा प्रेमच आहे. त्या लेखक-नवऱ्यात तर चँडलरने स्वतःलाच निर्दयपणे उभे केले आहे. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही.

१९५४ च्या डिसेंबरात सिसी गेली. दोन महिन्यांनी त्याने स्वतःला संपविण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढची चार वर्षे दारू, इस्पितळे, लंडनच्या वाऱ्या आणि एक थकलेली कादंबरी यांत गेली. दोघांची एकमेकांना लिहिलेली पत्रे त्याने नष्ट केली होती, त्यामुळे तीस वर्षांच्या त्या सहवासाचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. २६ मार्च १९५९ रोजी तो वारला. अंत्यविधीला सतरा माणसे होती.

त्याला सॅन दिएगोच्या माउंट होप दफनभूमीत पुरले. सिसीच्या अस्थी मात्र जवळच्याच एका इमारतीत ठेवलेल्या होत्या. त्यांचे काय करायचे हे चँडलरने कोणाला सांगून ठेवले नव्हते. छप्पन वर्षे त्या तिथेच राहिल्या. शेवटी काही चाहत्यांनी न्यायालयाची परवानगी मिळविली, आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजी, प्रेमिकांच्या दिवशी, त्या त्याच्या कबरीत पुरण्यात आल्या.