होम्सच्या जनकाचा नेम

शेरलॉक होम्स खुर्चीत बसल्या बसल्या भिंतीवर गोळ्यांनी राणीची आद्याक्षरे उमटवतो, हे मी गोरेगावच्या बँकेत असताना (गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते) कंदिलाच्या उजेडात वाचले. हसू आले. पण त्याच्या जनकाला, आर्थर कॉनन डॉईलला, बंदुकीचा ध्यास लागला तो गमतीतून नव्हे.

डॉईल १८५९ साली एडिंबरोत जन्मला, तिथेच डॉक्टर झाला. ११ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत मागर्सफोंटेनला किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, नेसलेले स्कॉटिश सैनिक बोअर शेतकऱ्यांच्या गोळीबारापुढे तासन् तास पालथे पडून होते. उन्हाने गुडघ्यांमागची कातडी भाजून निघाली. पुढून खाकी एप्रन. मागची बाजू रामभरोसे! पुढच्याच वर्षी डॉईल ब्लूमफाँटेनच्या इस्पितळात विषमज्वराच्या रोग्यांत राबला. या युद्धाचा इतिहासही त्याने लिहिला. शेतकरी असे लढतात, तर आपल्या साध्या नागरिकालाही नेम धरता आला पाहिजे, हे त्याने घेतले. परतल्यावर हाइंडहेडला, राहत्या घराशीच, त्याने गावकऱ्यांसाठी रायफल क्लब काढला.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छोट्या रायफलींच्याही स्पर्धा झाल्या. डॉईल मात्र तिथे वार्ताहर म्हणून रमला, तो मॅरेथॉनमध्ये.