शुश्रूषा घरापर्यंत नेणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

आपल्या ज्ञातीतील कित्येक कन्या आज निरनिराळ्या रुग्णालयांतून परिचारिकेचे काम करीत आहेत. तरीही मुलगी परिचारिका आहे असे कळताच सोयरिकीची बोलणी जागच्या जागी थांबतात, रात्रपाळीचा विषय निघताच वरपक्षाकडील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात, हा अनुभव आम्ही आमच्याच बैठकीत घेतला आहे. म्हणून ह्या अंकासाठी एक चरित्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांची निवड केली. हाती दिवा घेतलेले त्यांचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. आम्हांस मात्र त्या दिव्यापेक्षा त्यांच्या लेखणीविषयी अधिक सांगावयाचे आहे.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाला व त्या नगराचेच नाव त्यांस मिळाले. घराणे इंग्लंडातील व श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन व इतिहास शिकविला. परंतु १८४५ साली ह्या मुलीने सॉल्झबरीच्या रुग्णालयात राहून शुश्रूषा शिकण्याची अनुज्ञा मागितली तेव्हा घरात एकच आकांत झाला. त्या काळी तिकडे रुग्णालयांतील दाया म्हणजे मद्यपी व अडाणी अशीच समजूत होती. कुलीन कन्येने तेथे पाऊल टाकणे म्हणजे कुळास बट्टा. (ही भाषा आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित वाटू नये.) आलेली स्थळे बाईंनी नाकारली आणि सहा वर्षे वाट पाहून १८५१ मध्ये जर्मनीतील कैझरवर्थ येथे त्या शुश्रूषा शिकल्या. १८५३ साली लंडनातील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेची व्यवस्था त्यांच्या हाती आली.

पुढील वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांच्या दुर्दशेच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागताच युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांनी बाईंस पाचारण केले, व ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या ३८ परिचारिकांसह इस्तंबूलसमोरील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथील घाण, उंदीर, अन्नवस्त्रांचा तुटवडा ह्यांची वर्णने अन्यत्र पुष्कळ झाली आहेत. येथे एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बाई येताच मृत्यू थांबले असे झाले नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात गेले होते. मार्चमध्ये आरोग्य आयोगाने इमारतीखालील तुंबलेली गटारे साफ करविली, तेव्हा कोठे ते झपाट्याने उतरले. युद्धानंतर आकडेवारी तपासताना हे सत्य स्वतः बाईंस उमगले, आणि त्याची टोचणी त्यांस जन्मभर राहिली.

त्या हिवाळ्यात मरणाऱ्यांस वाचविणे पुष्कळदा त्यांच्या हाती नव्हते. परंतु मरणाऱ्याचे घर त्यांच्या डोळ्यांपुढे असे. दिवसभराचे काम आटोपल्यावर त्या मृत सैनिकांच्या आईस, पत्नीस पत्रे लिहीत: शेवटच्या घटका कशा गेल्या, मुलाने कोणाची आठवण काढली, मागे काय राहिले. जे काही पैसे व वस्तू असतील त्या सोबत धाडीत. खेड्यातील एखाद्या मातेस आपला मुलगा परमुलखात कसा गेला हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

तीच गोष्ट पगाराची. आजारी पडलेल्या सैनिकाच्या वेतनातून रोज नऊ पेन्स कापले जात, जखमीच्या मात्र साडेचारच. तापाने अंथरूण धरलेल्याच्या बायकामुलांनी दुप्पट दंड का भरावा? बाईंनी ही तक्रार राणी व्हिक्टोरियापर्यंत पोहोचविली आणि १८५५ च्या प्रारंभी आजाऱ्याची कपात जखमीइतकीच झाली. सैनिक हाती आलेला पैसा दारूत उडवितो, त्याला घराची काय पर्वा, असे अधिकारी म्हणत. बाईंनी वाद घातला नाही. घरी पैसे पाठवू इच्छिणाऱ्यांची रक्कम त्या स्वतः स्वीकारू लागल्या. इंग्लंडात त्यांचे मामा सॅम्युएल स्मिथ ती पोस्टाच्या हुंडीने घरोघर पोहोचवीत. अशा रीतीने दरमहा सुमारे १,००० पौंड जाऊ लागले. अखेर जानेवारी १८५६ मध्ये सरकारनेच तेथे मनिऑर्डरच्या कचेऱ्या उघडल्या, व पुढील सहा महिन्यांत ७१,००० पौंड सैनिकांच्या घरी गेले.

सैन्यामागून आलेल्या सैनिकपत्न्या त्याच इमारतीच्या तळघरांत उपाशी, रोगग्रस्त अशा पडून होत्या. त्यांच्याकडे पाहणे हे कोणाचेच काम नव्हते. बाईंनी जवळच एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याचे मोठे हंडे बसविले आणि रुग्णालयाचे कपडे धुण्याचे काम वेतन देऊन ह्या स्त्रियांस दिले. रुग्णांस स्वच्छ सदरा मिळाला, स्त्रियांस भाकरी.

ऑगस्ट १८५६ मध्ये त्या गाजावाजा टाळून स्वदेशी परतल्या. क्रिमियात जडलेल्या तापाने प्रकृती कायमची ढासळली होती. तरी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा त्यांच्या नावे निघाली. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, पण येथील खेड्यांचे आरोग्य व दुष्काळ ह्यांविषयी अनेक वर्षे लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनाचा मान आप्तांनी नम्रपणे नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो ह्या खेड्यात सहा सैनिकांनी त्यांची शवपेटी खांद्यावर वाहून नेली. तेथील कौटुंबिक स्मारकस्तंभावर त्यांच्यासाठी नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढेच कोरलेले आहे.