अर्ध्या वाटेवरून परतलेल्या अ‍ॅमीबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. आपल्यापैकी पुष्कळ भगिनींना ठाऊकच आहे की, बालवर्गाचे काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतले आणि दीड वर्षातच सोडले. कंबरेच्या दुखण्याने उठणे-बसणे कठीण झाले; डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. दुखणे एक वेळ सोसवते, पण हातचे काम अर्धवट टाकल्याची लाज सोसवत नाही. चालू-फिरू लागल्यावरसुद्धा मंडळावरून जाणारा रस्ता टाळून मी लांबच्या वाटेने भाजीला जात असे. त्या दिवसांत अ‍ॅमी कार्मायकेल या आयरिश बाईंचे चरित्र माझ्या वाचनात आले. तेच आज सांगावेसे वाटते.

अ‍ॅमीबाईंचा जन्म 16 डिसेंबर 1867 रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात मिलआइल या समुद्रकाठच्या गावी झाला. वडिलांची पिठाची गिरणी होती. सात भावंडांत या थोरल्या. लहानपणी आपले तपकिरी डोळे आईसारखे निळे व्हावेत म्हणून त्यांनी रात्री देवाची प्रार्थना केली आणि सकाळी आरशात पाहून त्या हिरमुसल्या. मनासारखे शरीर मिळत नाही, हा धडा त्यांना असा फार लवकर मिळाला. 1885 साली वडील वारले. पुढे बेलफास्टच्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलींसाठी त्यांनी काम सुरू केले. टोपी घेण्याची ऐपत नसल्यामुळे या मुली डोक्यावरून शाल घेत, आणि प्रतिष्ठित मंडळींना त्या देवळात नकोशा वाटत. त्यांच्यासाठी अ‍ॅमीबाईंनी पत्र्याचे एक सभागृह उभे करविले.

परदेशी जाऊन धर्मकार्य करावे, असे 1892 मध्ये त्यांच्या मनाने घेतले. चीनला जाण्याची तयारीही झाली. पण डॉक्टरांनी तपासून नकार दिला. मज्जातंतूंच्या दुखण्याने त्या मधूनमधून अंथरुणाला खिळत असत. तरीही धीर न सोडता 1893 साली त्या जपानला गेल्या. इंग्लंडमधील केझिक येथील धर्मपरिषदेने आपल्या खर्चाने परदेशी पाठविलेल्या त्या पहिल्याच कार्यकर्त्या. लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या आशीर्वादाने त्या निघाल्या होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जपानात मात्सुए या गावी त्यांचे काम सुरू झाले. भाषा येईना, दुभाषी बाई घेऊन त्या घरोघर जात. एका आजारी वृद्धेपाशी त्या बसल्या असता, म्हातारीचे लक्ष बोलण्यावरून उडून त्यांच्या हातांतील मोज्यांवर गेले. त्या दिवसापासून त्यांनी विलायती पोशाख सोडला आणि किमोनो घालू लागल्या. पण शरीराने साथ दिली नाही. डोकेदुखी इतकी वाढली की, जेमतेम पंधरा महिन्यांत, 1894 च्या उन्हाळ्यात, त्यांना जपान सोडावे लागले. हवापालटासाठी त्या शांघायला गेल्या, तेथून सिलोनला. इतक्यात, त्यांना मुलीप्रमाणे मानणारे वृद्ध रॉबर्ट विल्सन अर्धांगाने आजारी पडल्याची बातमी आली, आणि वर्षाअखेर त्या इंग्लंडला परतल्या.

येथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. ज्यांनी वर्गणी जमवून पाठविले, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभे राहायचे? माझा तर नुसता दोन गल्ल्यांचा प्रश्न होता. यांचा दोन महासागरांचा!

परंतु बाई घरी बसून राहिल्या नाहीत. बंगलोरची हवा प्रकृतीला मानवेल, असे तेथील एका परिचारिका मैत्रिणीने कळविले, आणि नोव्हेंबर 1895 मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या. येताक्षणीच डेंग्यूच्या तापाने गाठले! तरी या खेपेस त्या परतल्या नाहीत. तामीळ शिकल्या, दक्षिणेस तिरुनेलवेलीकडे गेल्या, साडी नेसून स्थानिक बायकांबरोबर खेडोपाडी हिंडल्या. मार्च 1901 मध्ये एक सात वर्षांची मुलगी त्यांच्या आश्रयाला पळून आली. तिला देवळाला वाहावयाचे ठरले होते. देवदासी आणि मुरळी यांची दुःखे आपल्याकडे कोणाला अपरिचित आहेत? त्या मुलीमागून दुसऱ्या आल्या, तान्ही बाळे आली. प्रचाराची भ्रमंती मागे पडली आणि दोहनावूर गावी बाई पाळण्यांपाशी बसल्या. 1913 पर्यंत मुलांची संख्या शंभरावर गेली. सगळी त्यांना अम्मा म्हणत. मुली वाहण्याच्या चालीविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली आणि मद्रासेत 1947 साली कायदा झाला. अम्मांचे काम त्याच्या कितीतरी आधीचे.

त्यांच्या धर्मप्रचाराविषयी आणि आपल्या धर्माविषयीच्या त्यांच्या मतांविषयी आपल्यापैकी अनेकींचा मतभेद असेल, माझाही आहे. पण परक्याचे लेकरू रात्री उठून उराशी धरणाऱ्या बाईला नमस्कार करताना मतभेद आड येऊ नयेत.

ऑक्टोबर 1931 मध्ये दवाखान्यासाठी घेतलेले घर पाहावयास गेल्या असता, संधिप्रकाशात त्या खड्ड्यात पडल्या. पाय मोडला, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे बहुतेक एका खोलीतच गेली. याच खोलीत त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली. 1933 चे ‘रोझ फ्रॉम ब्रायर’ तर आजाऱ्याने आजाऱ्यांसाठीच लिहिलेले. 1895 मध्ये आलेल्या अम्मा पुन्हा कधीच मायदेशी गेल्या नाहीत. 18 जानेवारी 1951 रोजी दोहनावूर येथेच त्यांनी देह ठेवला. थडग्यावर दगड नको, ही त्यांची इच्छा होती. म्हणून मुलांनी तेथे पाखरांसाठी पाण्याचे एक पात्र ठेवले.

जपान सुटले नसते तर दोहनावूर झाले असते का, हे देव जाणे. आजार ही भाग्याची गोष्ट आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. कंबर दुखते तेव्हा ती दुखतेच. पण काम सुटणे म्हणजे माणूस संपणे नव्हे, एवढे मला या चरित्राने शिकविले. बालवर्गात मी पुन्हा उभी राहू शकेन असे वाटत नाही. मात्र गेल्या दिवाळीपासून वर्गाच्या फीची वही माझ्याकडे घरी येते आणि खाटेवर बसून मी ती पुरी करते.

शेवटी एकच विनंती. आपल्यातील एखादी भगिनी दुखण्यामुळे काम सोडून घरी बसली, तर परत कधी येणार, असे तिला विचारू नका. दहा मिनिटे तिच्यापाशी जाऊन बसा. पुढचे ती आपणच सांगेल.