निनावी पत्रांपासून जाहीर कीर्तनापर्यंत : रेव्हरंड ना. वा. टिळक

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, एका ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांचे मन जिंकले. मात्र ती श्रद्धा उघडपणे बोलून दाखवण्याचे धैर्य लगेच आले नाही. आपल्या शंका त्यांनी एका ख्रिस्ती नियतकालिकाला निनावी पत्रांतून कळवल्या. भय काल्पनिक नव्हते. जातिबहिष्कार समोर होता आणि त्याहून जिव्हारी लागणारा पत्नी लक्ष्मीबाईंचा वियोगही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि जे भय होते ते खरे ठरले. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. टिळकांनी बळजबरी केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरच्या वास्तव्यात टिळकांना श्रद्धा सांगण्याची स्वतःची वाट गवसली. परक्या धाटणीच्या प्रवचनांऐवजी त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन जवळ केले. तुकोबांच्या वाणीवर पोसलेल्या श्रोत्यांना ख्रिस्त त्यांच्याच भाषेत भेटू लागला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते. एकेकाळी नाव लपवून लिहिणाऱ्या या कवीने आपल्यासारख्याच संकोचलेल्यांसाठी दार उघडे ठेवले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.