एरिक फॉन विलेब्रांड आणि न थांबणारा रक्तस्राव

तुमच्या किंवा तुमच्या मुलीच्या तपासणीच्या कागदावर ‘फॉन विलेब्रांड फॅक्टर’ असे लिहिलेले असेल, तर हे एका माणसाचे नाव आहे हे कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. एरिक फॉन विलेब्रांड यांचा जन्म 1870 मध्ये फिनलंडमधील वासा येथे झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी हेलसिंकीत घेतले. मोठ्या रक्तस्रावानंतर रक्तात काय बदल होतात, हाच त्यांच्या 1899 च्या प्रबंधाचा विषय होता. पुढे त्यांनी हेलसिंकीतील डीकोनेस रुग्णालयात बरीच वर्षे काम केले.

1924 मध्ये ओलांड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे तपासणीसाठी आली. तिच्या नाकातून, ओठातून वारंवार रक्त येई आणि ते लवकर थांबत नसे. तिच्या चार बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. डॉक्टरांनी तिच्या नातेवाइकांचीही माहिती जमवली. 66 जणांपैकी 23 जणांना रक्तस्रावाचा त्रास होता आणि त्यांत स्त्रिया जास्त होत्या. इथेच त्यांना वेगळेपण जाणवले. हिमोफिलिया प्रामुख्याने पुरुषांना होतो, आणि त्यात सांध्यांत रक्त साचते. इथे मात्र घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त येणे, पाळीत अति रक्त जाणे असा त्रास होता.

तपासण्याही बुचकळ्यात टाकणाऱ्या होत्या. प्लेटलेटची संख्या ठीक, रक्त गोठण्याचा वेळ ठीक, पण जखमेतून रक्त वाहणे थांबायला फार वेळ लागे. 1926 मध्ये त्यांनी हा वेगळा आनुवंशिक आजार असल्याचे स्वीडिश भाषेत प्रसिद्ध केले. दोष प्लेटलेटच्या कामात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असावा, असा त्यांचा अंदाज होता.

तो पूर्ण बरोबर नव्हता. 1949 मध्ये त्यांचे निधन झाले आणि खरे कारण त्यांना कळलेच नाही. 1950 च्या दशकात स्वीडनमधील इंगा मारी निल्सन आणि सहकाऱ्यांनी ओलांडच्या रुग्णांना निरोगी माणसाच्या प्लाझ्मातील एक घटक दिला, तेव्हा रक्तस्राव आटोक्यात आला. म्हणजे प्लेटलेट ठीकच होत्या, उणीव प्लाझ्मातील एका प्रथिनाची होती. हे प्रथिन जखमेच्या जागी प्लेटलेटना चिकटवून धरते, आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर 8 ला रक्तात टिकवून ठेवते. प्लेटलेट विटा मानल्या, तर हा त्यांच्यामधला चुना. विटा मोजून चुना आहे की नाही हे कसे कळणार?

म्हणूनच नेहमीच्या सीबीसीत प्लेटलेट भरपूर दिसल्या, तरी हा आजार नाही असे म्हणता येत नाही. साधा पीटी किंवा एपीटीटी अहवालही सामान्य येऊ शकतो. पाळी सात दिवसांहून जास्त चालते, दर तासाला पॅड बदलावे लागते, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, आई-मावशीलाही असाच त्रास होता, असे असेल तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा आणि या फॅक्टरची वेगळी तपासणी करण्याबद्दल विचारा. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. आज डेस्मोप्रेसिन, ट्रानेक्सॅमिक ॲसिड आणि गरज पडल्यास फॅक्टरचे इंजेक्शन हे उपाय आहेत.

ओलांडच्या त्या मुलीच्या काळी यातले काहीच नव्हते. तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत अति रक्तस्राव होऊन ती गेली.